खाऱ्या थरांत विहिरीचे सिमेंट कच्चे राहते: दोष नेमका कुठे शोधावा

तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. प्रयोगशाळेत बारा तासांत ठरलेली ताकद गाठणारी सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट) मिठाच्या किंवा खाऱ्या पाण्याच्या थरातून जाणाऱ्या तेलविहिरीत उतरवली, की ठरलेल्या वेळी ती कच्चीच निघते. केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पोलादी नळीच्या, बुडाशी उरलेले सिमेंट फोडताना बिट (ड्रिलिंगचे पाते) फारसे वजन न घेता खाली सरकते आणि बाँड लॉगवर, म्हणजे सिमेंट किती पक्के चिकटले आहे हे दाखवणाऱ्या मापनाच्या आलेखावर, अपेक्षेपेक्षा बराच मोठा टप्पा कमकुवत दिसतो. अहवालात कारण म्हणून ‘क्षारतेचा परिणाम’ असे लिहिले जाते, रिटार्डरचे, म्हणजे सिमेंट घट्ट होणे लांबवणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण थोडे कमी केले जाते आणि पुढच्या विहिरीत तीच तक्रार पुन्हा उभी राहते. हे निदान चुकीचे असते असे नाही, पण त्याचा उपयोग होत नाही, कारण मीठ सिमेंटला निदान तीन वेगवेगळ्या वाटांनी गाठते आणि प्रत्येक वाटेवरचा उपाय निराळा आहे. मीठ मिसळण्याच्या पाण्यात होते, पंप करताना विहिरीच्या भिंतीतून किंवा मडमधून (ड्रिलिंगसाठी विहिरीत फिरवलेल्या चिखलद्रवातून) आत आले, की सिमेंट घट्ट झाल्यानंतर भोवतालच्या पाण्यातून हळूहळू शिरले, हे आधी ठरवले पाहिजे.

ते ठरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ताकद केव्हा कमी पडली हे पाहणे. पहिल्या दिवशी कमी होती आणि नंतर भरून आली, तर प्रश्न सेट होण्याच्या वेगाचा आहे. पहिल्या दिवशीही कमी आणि आठवड्यानंतरही कमीच राहिली, तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेले असते किंवा मड मिसळलेला असतो. सुरुवातीला व्यवस्थित असलेली ताकद काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उतरू लागली, तरच भोवतालच्या खाऱ्या पाण्याच्या रासायनिक हल्ल्याचा संशय घ्यावा. प्रत्यक्षात मात्र शंका घेण्याचा क्रम नेमका उलटा असतो: सर्वात शेवटच्या कारणावर सर्वात आधी बोट ठेवले जाते.

टक्केवारी कशाची?

पहिली तपासणी कागदावरच होते. सिमेंटमधील बहुतेक मिश्रके सिमेंटच्या वजनाच्या टक्केवारीत सांगितली जातात, मीठ मात्र पाण्याच्या वजनाच्या टक्केवारीत सांगण्याची पद्धत आहे. ‘जी’ वर्गाच्या, म्हणजे तेलविहिरींसाठीच्या एका प्रमाणित प्रकारच्या, सिमेंटला १०० किलोमागे ४४ किलो पाणी लागते. त्यामुळे पाण्याच्या वजनावर १८ टक्के मीठ म्हणजे केवळ ७.९ किलो. तोच आकडा कोणी सिमेंटच्या वजनावर धरला, तर १८ किलो मीठ पडते, म्हणजे पाण्याच्या वजनाच्या सुमारे ४१ टक्के. साध्या तापमानाला पाण्यात ३६ टक्क्यांच्या आसपासच मीठ विरघळत असल्याने ही स्लरी संपृक्ततेच्याही पलीकडे जाते आणि न विरघळलेले खडे टाकीच्या तळाशी उरतात. कोरड्या सिमेंटमध्ये मीठ आधीच मिसळून आणण्याची पद्धत असेल, तर हे खडे कोणाच्या नजरेस पडत नाहीत, म्हणून तेथे वजनाच्या पावत्या ताडून पाहणे हाच उपाय उरतो. पाण्यात विरघळवून घेतलेल्या मिठाची खातरजमा सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने जागेवर करता येते. त्यातून निघालेल्या क्लोराइडच्या आकड्याला १.६५ ने गुणले, की मिठाचे प्रमाण मिळते.

दुसरी तपासणी घनतेची, आणि माझ्या मते खाऱ्या स्लरीच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळा येथेच होतो. गोड्या पाण्यातील ‘जी’ वर्गाची स्लरी १.९० घनतेची (पाण्याची घनता १ धरून) असते, हे आकडे वर्षानुवर्षे वापरून सर्वांच्या हाडीमाशी खिळलेले असतात. पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.४४ च ठेवून पाण्यात १८ टक्के मीठ घातले, तर घनता १.९४ च्या घरात जाते, आणि मीठ संपृक्ततेपर्यंत नेले, तर ती १.९६ होते. आता कामाच्या आदेशात घनता १.९० अशीच राहिली असेल, तर मिश्रण करणारा माणूस प्रामाणिकपणे पाणी वाढवत जातो आणि मड बॅलन्सवर (घनता मोजण्याच्या तराजूवर) १.९० दिसले, की समाधान मानतो. संपृक्त खाऱ्या पाण्याचा हिशेब करून पाहिला, तर त्या क्षणी पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.४४ वरून ०.५० वर गेलेले असते. वाढलेल्या प्रत्येक किलो पाण्याची जागा घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये छिद्र म्हणून राहते. सच्छिद्रता वाढली, की ताकद घटते आणि पारगम्यता वाढते, आणि ही घट कितीही थांबले तरी भरून येत नाही. मिठाने केले म्हणून ज्याची नोंद होते, ते खरे तर जास्तीच्या पाण्याने केलेले असते.

याच्या अगदी उलट दिशेची चूकही संभवते. मिठाच्या पाण्यात सिमेंट मिसळताना फेस फार येतो, हवा अडकते आणि साधा मड बॅलन्स घनता कमी दाखवतो. मग घनता भरून काढण्यासाठी सिमेंट वाढवले जाते, विहिरीत दाबाखाली हवा आकसते आणि प्रत्यक्षात स्लरी ठरल्यापेक्षा घट्ट व जड निघते. फेसनाशक सिमेंट पडण्याआधी पाण्यात घालावे आणि घनता दाब देऊन मोजणाऱ्या बॅलन्सवरच मोजावी. खाऱ्या स्लरीसाठी या गोष्टी ऐच्छिक मानू नयेत.

सेट होण्याचा वेग

कागद आणि घनता दोन्ही बरोबर असूनही पहिल्या दिवसाची ताकद कमी असेल, तर मिठाच्या दुहेरी वागण्याकडे वळावे. सोडियम क्लोराइड थोडे असताना सिमेंटला घाई करते आणि पुष्कळ असताना अडवून धरते. पाण्याच्या वजनाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत ते ॲक्सिलरेटरचे काम करते. १० ते १८ टक्क्यांच्या दरम्यान त्याचा फारसा परिणाम जाणवत नाही. १८ ते २० टक्क्यांच्या पुढे ते रिटार्डरसारखे वागू लागते. या सीमा तापमानाप्रमाणे आणि सिमेंटच्या खेपेप्रमाणे थोड्या सरकतात, पण आलेखाची वळणे तीच राहतात. समुद्राच्या पाण्यात एकूण क्षार साधारण साडेतीन टक्के असल्याने त्यात मिसळलेली स्लरी लवकर सेट होते आणि तिची सुरुवातीची ताकद बरी असते, तर संपृक्त पाण्यात मिसळलेली तीच स्लरी रेंगाळते. संपृक्त मिठाच्या पाण्याची जलक्रियाशीलता शुद्ध पाण्याच्या सुमारे तीन चतुर्थांश एवढीच असते, म्हणजे हायड्रेशनसाठी, म्हणजे सिमेंट आणि पाणी यांच्या प्रक्रियेसाठी, मोकळे पाणी कमी पडते आणि सिमेंटच्या कणांवर त्यांना बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटची वाढ मंदावते. अशा स्लरीत नेहमीच्या प्रमाणात रिटार्डर घातला, तर दोन्ही मिळून ती कितीतरी जास्त काळ कच्ची राहते.

‘जी’ वर्गाच्या सिमेंटसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची किमान अपेक्षा ३८ अंश सेल्सियसला आठ तासांत २.१ मेगापास्कल आणि ६० अंशांना आठ तासांत १०.३ मेगापास्कल अशी आहे. हे आकडे मिठाविनाच्या, कोणतेही मिश्रक नसलेल्या स्लरीचे आहेत, हे विसरून संपृक्त स्लरीला त्याच फूटपट्टीने मोजण्यात अर्थ नाही. पुढचे ड्रिलिंग सुरू करण्यापूर्वी सुमारे ३.५ मेगापास्कल, म्हणजे ५०० पीएसआय, ताकद यावी असा संकेत रूढ आहे. खाऱ्या स्लरीसाठी तो टप्पा किती तासांनी येतो हे त्या स्लरीवरच तपासावे आणि थांबण्याचा वेळ त्यावरून ठरवावा.

तपासणीच्या पद्धतीतही काही खाचखळगे आहेत. चाचणीसाठी प्रयोगशाळेतील नळाचे पाणी वापरले आणि विहिरीवर दुसऱ्याच स्रोताचे पाणी आले, तर दोन निकालांची तुलना मुळातच चुकते. चाचणी नेहमी विहिरीवरचे पाणी, विहिरीवरचे मीठ आणि त्याच खेपेचे सिमेंट घेऊन करावी. अल्ट्रासोनिक सिमेंट ॲनालायझर ताकद थेट मोजत नाही, तर ध्वनिलहरींचा वेग मोजून एका अनुभवजन्य समीकरणाने ताकदीचा अंदाज देतो. मीठ भरलेल्या स्लरीला ते समीकरण तंतोतंत लागू पडेलच असे नाही, म्हणून निदान एकदा तरी सिमेंटचा चाचणी-घन फोडून यंत्राचा आकडा ताडून घ्यावा. घन गोड्या पाण्यात ठेवून क्युरिंग केले, म्हणजे पक्के होऊ दिले, तर त्यांतील मीठ बाहेर झिरपते आणि आपण विहिरीत नसलेलाच पदार्थ तपासत बसतो.

मिश्रकांबद्दल थोडक्यात एवढेच, की गोड्या पाण्यात उत्तम चालणारी अनेक द्रव्ये मिठात निकामी होतात. बेंटोनाइट ही माती खाऱ्या पाण्यात फुगत नाही, त्याऐवजी ॲटापल्जाइट ही दुसरी माती घ्यावी लागते. सेल्युलोज वर्गातील पाणीगळती-रोधकांचा प्रभाव घटतो. नॅप्थॅलीन सल्फोनेट जातीचे डिस्पर्संट संपृक्त मिठात स्लरी पातळ करण्याऐवजी कधी कधी घट्ट करते.

भिंत आणि मड

मिठाच्या थरात गोड्या पाण्याची स्लरी उतरवली, तर ती वाटेत भिंत विरघळवत जाते. एका घनमीटर स्लरीत सुमारे ५८० किलो पाणी असते आणि ते सैद्धांतिकदृष्ट्या २०० किलोंहून अधिक, म्हणजे जवळजवळ ९७ लिटर, घन मीठ पोटात घेऊ शकते. प्रत्यक्षात एवढे विरघळत नाही, कारण भिंतीलगतचा पातळ थर लवकर संपृक्त होतो आणि स्लरी थबकली, की मीठ आत सरकण्याची गती मंदावते. पण नेमका तोच भिंतीलगतचा थर सिमेंट आणि खडक यांचा सांधा असतो. तेथे मिठाचे प्रमाण रिटार्डेशनच्या पट्ट्यात गेलेले असते, भिंत मागे हटलेली असते आणि सांध्यात खाऱ्या पाण्याची फट राहू शकते. मधल्या भागातील सिमेंट टणक आणि कडेचे मऊ, असे चित्र त्यामुळे दिसते. स्लरीत आधीच १८ टक्के मीठ असेल, तर तिची विरघळवण्याची क्षमता घनमीटरला सुमारे ४७ लिटरांवर येते, म्हणजे जवळजवळ निम्मी होते.

मग सरळ संपृक्त स्लरीच का वापरू नये, हा प्रश्न साहजिक आहे. जाड, शुद्ध हॅलाइटच्या (खनिज मिठाच्या) थरात ती भिंतीला जवळजवळ हात लावत नाही हे खरे, पण तिची ताकद उशिरा येते आणि मीठ तोवर स्वस्थ बसत नाही. खोलवरच्या तापमानाला आणि दाबाला मिठाचा थर सरकतो. अर्धवट सेट झालेले सिमेंट त्याला आवरू शकत नाही आणि केसिंगवर एकाच बाजूने भार येण्याचा धोका राहतो. ब्राझीलजवळच्या समुद्रातील सांतोस खोऱ्यात मिठाचे थर काही ठिकाणी दोन किलोमीटरपर्यंत जाड आहेत. अशा ठिकाणी उशिराने येणारी ताकद ही किरकोळ गोष्ट राहत नाही. म्हणून १० ते २० टक्क्यांच्या दरम्यानची मध्यम खारी स्लरी मला बहुतेक वेळा जास्त शहाणपणाची वाटते. त्यात थोडी भिंत विरघळते हे मान्य करावे, पण ताकद वेळेत येते आणि विरघळलेले मीठ मिसळून झालेले एकूण प्रमाण चाचणीत धरता येते. ही चाचणी करण्याची पद्धत सोपी आहे: ठरलेल्या स्लरीत वाढीव मीठ घालून, प्रमाण ५ आणि १० टक्क्यांनी चढवत, प्रत्येक वेळी घट्ट होण्याचा वेळ आणि २४ तासांची ताकद पाहावी. आलेख जेथे एकदम कोसळतो त्या बिंदूपासून आपली स्लरी पुरेशी दूर आहे ना, एवढेच बघायचे असते.

मडचा विषय वेगळा आणि अनेकदा दुर्लक्षित. मिठाच्या थरातून ड्रिलिंग करताना वापरलेल्या संपृक्त मडमध्ये स्टार्च, सेल्युलोजची द्रव्ये किंवा लिग्नोसल्फोनेट असतात. ही सर्व सेंद्रिय द्रव्ये सिमेंटची कडक रिटार्डर आहेत. भिंत जेथे विरघळून रुंद झाली आहे तेथे मड पूर्णपणे हटत नाही, सिमेंटमध्ये मिसळतो आणि ताकद पडते. दोष मात्र मिठाच्या नावावर जातो. हे वेगळे काढण्यासाठी स्लरीचे तीन नमुने करावेत: एकात पाच टक्के मड, दुसऱ्यात पंचवीस टक्के मड आणि तिसऱ्यात मडऐवजी तेवढ्याच खारेपणाचे साधे पाणी पंचवीस टक्के. पहिले दोन कोसळले आणि तिसरा त्या मानाने तगला, तर मिठाशी भांडण्यात अर्थ नाही. स्पेसरचे (मड आणि सिमेंट यांच्यामध्ये सोडायच्या द्रवाचे) प्रमाण, केसिंगचे केंद्रीकरण आणि पंप करण्याचा वेग सुधारावा. विहिरीच्या व्यासाचा कॅलिपर लॉग आणि बाँड लॉग एकाखाली एक ठेवून पाहिल्यास कमकुवत टप्पे रुंद जागांशीच जुळतात की नाही हेही कळते.

विहिरीत कॅल्शियम क्लोराइडचे ब्राइन (क्षाराचे तीव्र द्रावण) असेल, तर घडते ते उलटेच. ते सिमेंटशी मिसळताच स्लरी झपाट्याने घट्ट होते, कधी कधी पंप चालू असतानाच. ताकदीची तक्रार येण्याआधीच काम अडकते. तेथे मध्ये घालायचा स्पेसर हाच मुख्य उपाय.

आधी चांगले, मग खराब

सेट झालेले सिमेंट नंतर कमकुवत होत गेले, तर भोवतालच्या पाण्यात कोणते आयन आहेत यावर सगळे अवलंबून असते. केवळ सोडियम क्लोराइडचे पाणी तुलनेने सोसवते. ते कॅल्शियम हायड्रॉक्साइडची विद्राव्यता थोडी वाढवते, त्यामुळे पृष्ठभागावरून चुना झिरपतो आणि क्लोराइडचा काही भाग ॲल्युमिनेटशी जुळून फ्रीडेल क्षार नावाच्या संयुगात अडकतो; पण घट्ट, कमी पाण्याचे सिमेंट यामुळे सहसा ढासळत नाही. सल्फेट असेल, तर सिमेंटमधील ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेटशी प्रक्रिया होऊन एट्रिंगाइट नावाचे संयुग बनते आणि त्याच्या फुगण्याने आतून तडे जातात. उच्च सल्फेटरोधक सिमेंटमध्ये या घटकाची मर्यादा तीन टक्के ठेवलेली आहे, ती याच कारणाने; ॲनहायड्राइट किंवा जिप्सम या सल्फेट खनिजांचा थर वाटेत असेल, तर याहून वेगळ्या प्रतीचे सिमेंट वापरण्याचा विचारही करू नये.

खरा शत्रू मॅग्नेशियम. कार्नालाइट आणि बिशोफाइट या क्षारांत, उदाहरणार्थ उत्तर युरोपाखालील झेक्श्टाइन थरांत, ते मुबलक असते. मॅग्नेशियम आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडवर तुटून पडते, त्याचे ब्रूसाइट, म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, करते, आणि चुना संपल्यावर सिमेंटला बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटमधलाही कॅल्शियम ओढून घेते. मागे उरणाऱ्या मॅग्नेशियम सिलिकेटला बांधून ठेवण्याची शक्ती जवळजवळ नसते. सोडियम क्लोराइडने संपृक्त केलेली स्लरी येथे संरक्षण देत नाही, कारण ती मिठाने संपृक्त असते, मॅग्नेशियमने नव्हे. अशा थरात मॅग्नेशियम ऑक्सिक्लोराइड, म्हणजे स्तानिस्लास सोरेल यांनी १८६७ साली मांडलेले सोरेल सिमेंट, हा पर्याय मुळातून वेगळ्या जातीचा असल्याने टिकतो.

नमुना हाती असेल, तर निदान डोळ्यांनीही होते. घन किंवा कोअर (विहिरीतून कापून काढलेला नमुना) सुक्या कटरने मधोमध कापावा आणि ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडावे. निरोगी भाग गडद गुलाबी होतो, चुना गमावलेली कड रंगहीन राहते. नखाने खरवडल्यावर त्या कडेची पांढरट भुकटी सुटली, तर हल्ला बाहेरून आत येतो आहे. शेजारच्या तुकड्यावर सिल्व्हर नायट्रेट शिंपडल्यावर क्लोराइड कोठवर पोहोचले आहे ते पांढऱ्या साक्याने दिसते. क्लोराइड मध्यापर्यंत गेले आहे पण गुलाबी रंग कडेपर्यंत टिकला आहे, असे दिसल्यास क्लोराइड निर्दोष आहे आणि ताकद घटण्याचे कारण दुसरीकडे शोधावे. पूर्ण काप गुलाबी असूनही ताकद कमी असेल, तर पुन्हा वरच्या भागाकडे, म्हणजे जास्तीच्या पाण्याकडे, जावे.

लहान घनांवरून विहिरीचे आयुष्य वर्तवताना एक हिशेब ध्यानात ठेवावा. ५० मिलिमीटरच्या घनात हल्ला सर्व बाजूंनी ५ मिलिमीटर शिरला, तर निरोगी गाभा ४० मिलिमीटरचा उरतो आणि घनफळ जवळजवळ निम्म्यावर येते. भार पेलणारे क्षेत्रफळही ६४ टक्के राहते. विहिरीत मात्र सिमेंटच्या वलयाची एकच बाजू खडकाला भिडलेली असते. शिवाय विसरणाने होणारा हल्ला वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकतो, म्हणजे सहा महिन्यांत ५ मिलिमीटर शिरलेला थर १० मिलिमीटर व्हायला दोन वर्षे लागतात. घनाचा घटता आकडा सरळ रेषेत वाढवून विहिरीवर लावणे हे यासाठीच दिशाभूल करणारे आहे.

आणखी एक भ्रम तापमानाचा. सुमारे ११० अंशांच्या पुढे कोणतेही साधे पोर्टलंड सिमेंट, मीठ असो वा नसो, काही काळाने ताकद गमावते, कारण त्याचे हायड्रेट दुसऱ्या, अधिक सच्छिद्र स्फटिकांत बदलतात. सिमेंटच्या वजनाच्या ३५ ते ४० टक्के सिलिकाची भुकटी घातली, की हे टळते. खोल खारे थर बहुधा गरमही असतात. म्हणून मिठाला जबाबदार धरण्यापूर्वी त्या खोलीचे तापमान आणि स्लरीतील सिलिका यांची नोंद तपासावी. कमी तापमानाला मात्र ही भुकटी निष्क्रिय राहते. तेथे चुना खाऊन पारगम्यता घटवण्यासाठी मायक्रोसिलिका किंवा फ्लाय ॲश घ्यावी लागते.

सिमेंट आधीच विहिरीत असेल तर

घाईने स्क्वीझ, म्हणजे दाब देऊन नवी स्लरी फटींत घुसवण्याचे काम, करू नये. पहिला लॉग कमकुवत दिसला असेल, तर त्या स्लरीच्या प्रयोगशाळेतील नमुन्यावर, विहिरीच्या तापमानाला, ताकदीचा आलेख चालू ठेवावा आणि तो चढत असेपर्यंत थांबावे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा लॉग काढल्यावर चित्र सुधारले, तर प्रश्न रिटार्डेशनचा होता आणि सिमेंट हळूहळू स्वतःच सावरते आहे. सुधारणा मुळीच नसेल आणि कमकुवत टप्पा रुंद झालेल्या भिंतीशी जुळत असेल, तर तेथे मडचे कप्पे आहेत असे समजून स्क्वीझचा विचार करावा. त्या वेळी स्क्वीझची स्लरी गोड्या पाण्याची घेतली, तर ती आधीच्या खाऱ्या सिमेंटच्या सांध्यातले उरलेले मीठ विरघळवून नवी वाट तयार करते. तिचा खारेपणा थराशी जुळवून घ्यावा आणि घनता ठरवताना मिठाचे वजन हिशेबात धरावे.